आदली रात्र नव्हे

९ डिसेंबर, मंगळवार

प्रिय ताई,

आज अर्धी रजा टाकली. प्रयोगशाळेत जाऊन आलो. दुपारी काही खाल्लं नाही. घरी येऊन नुसता बसून होतो, मग लिहायला घेतलं.

बाबांच्या मांडीतून घेतलेल्या स्नायूच्या तुकड्याची तपासणी झाली. तिथल्या बाई तुझ्याच वयाच्या, जरा फटकळ. म्हणाल्या, "बसा हो, उभ्या उभ्या कळायचं नाही हे." मग समजावलं. माणूस गेला तरी स्नायूंमधली प्रथिनं एकदम तुटत नाहीत. काही लवकर तुटतात, काही बराच वेळ टिकतात. कुठली तुटली, कुठली शाबूत आहेत आणि खोलीत थंडी किती होती, हे जुळवून मृत्यूची वेळ काढतात. मी विचारलं, आदल्या रात्रीच गेले असतील ना? त्या म्हणाल्या, "नेमकं मिनिट मागू नका, अंदाजच आहे हा. पण आदली रात्र नाही. सकाळ उलटल्यावर गेलेत ते."

म्हणजे तू सांगत होतीस तेच. सकाळी बाबांना चहा देऊन, त्यांच्याशी बोलून तू कामावर गेलीस आणि संध्याकाळी परतलीस तेव्हा ते गेलेले होते. डॉक्टरांनी गार पडलेलं अंग पाहून रात्र धरली. खिडकीचं त्यांना काय माहीत! मला माहीत होतं. कडाक्याच्या थंडीतही बाबा ती सताड उघडी ठेवायचे. लावायला गेलं की म्हणायचे, "मी काय बरणीत राहतो का रे?" त्यात अंगावर मांस उरलं नव्हतं, अंग लवकर गार पडणारच. हे मी डॉक्टरांना सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. उलट काकांसमोर, शेजाऱ्यांसमोर तुला म्हणालो, "मेलेल्या माणसाला चहा पाजून गेलीस का?" तपासणीचा हट्टही माझाच. तू एवढंच म्हणालीस, "कर, तुझं समाधान होऊ दे."

काकांना मघाशी फोन करून खरं काय ते सांगितलं. "आता तोंड कुठे लपवशील?" म्हणाले.

एवढंच असतं तर तुझीही फोनवरच माफी मागितली असती. पण त्या सकाळी बाबांच्या फोनवरून मला फोन आला होता. मी नुकताच ऑफिसात पोचलो होतो, हातात काही काम नव्हतं. नाव पाहिलं. आता दुखणी ऐकत बसावं लागेल, म्हणून वाजू दिला. बाबांना नंबर लावणं जमत नव्हतं, म्हणजे तूच लावून दिला असणार. ते रात्रीच गेले असते, तर तो फोन त्यांचा ठरला नसता. मला तेवढंच हवं होतं, ताई. त्यासाठी तुला खोटं पाडलं. आणि तू चारचौघांत त्या फोनबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. बाबांना काय सांगायचं होतं, ते तुला माहीत असेल. विचारायचं धाडस होत नाही.

सकाळची भांडी तशीच पडली आहेत. ती घासून घेतो.

तुझाच,
धाकटा