भाकऱ्या गार व्हायल्यात

अव्वा, आमच्या बँडची जुनी गाणी आता मोबाइलवर ऐकता येतात. कॅसेट नाही, टेप नाही, बोट लावलं की गाणं सुरू. तू असतीस तर आपल्या या लेकाला म्हणाली असतीस, "मग वाजवायला तुमी कशाला पायजे?" खरंच आहे म्हणा. पहिल्यापासूनचा आता मी एकटाच उरलोय. गायक लग्नानंतर हैदराबादला गेला तो तिकडचाच झाला, ड्रमवाल्याची बँकेतून बदली झाली, बेसवाला गुडघे धरून घरी बसलाय. हल्ली वाजवणारी पोरं पुण्यात शिकलेली आहेत, माझ्या मुलाच्या वयाची. वाजवतात मात्र आमच्यापेक्षा चांगलं.

आमचा सराव दुकानामागच्या खोलीत चालायचा आणि मधल्या दारापलीकडे तुझं स्वयंपाकघर. बँडमध्ये नवा माणूस घ्यायचा तर आधी तो तुझ्यासमोर जेवायला बसवायचा, असा नियमच पडून गेला होता. तू वाढता वाढता त्याला न्याहाळायचीस आणि तो घराबाहेर पडला की निकाल द्यायचीस. दुसऱ्या ड्रमवाल्याला बघून म्हणाली होतीस, "ह्यो न्हाय टिकायचा. शेंगाची चटणी बघून नाक मुरडतोय की." तो सगळ्यांत जास्त टिकला आणि पुढं चटणी डब्यात भरून न्यायला लागला. ज्याला तू "लई गुणाचं लेकरू हाय" म्हणालीस, तो माझा ॲम्प्लिफायर घेऊन गेला तो आजतागायत परतला नाही. तुझे अंदाज साफ चुकायचे, पण त्या घरातून कुणी उपाशी गेला नाही.

पहिली कॅसेट आम्ही त्याच खोलीत भरली. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, आम्ही घामानं निथळतोय. शेवटचं संथ गाणं संपत आलंय, माझ्या गिटारचा सूर हळूहळू विरतोय, कुणी श्वासही घेत नाही, आणि तू दार ढकलून म्हणतेस, "झालं का रं? उठा की आता, भाकऱ्या गार व्हायल्यात!" मी तुझ्यावर केवढा खेकसलो होतो. बेसवाला मात्र पोट धरून हसत म्हणाला, "राहू दे. ह्याच्यापेक्षा चांगला शेवट आपल्याच्यानं होणार नाही." मग ते तसंच राहिलं. कॅसेटच्या कॉप्यांवर कॉप्या निघून होस्टेलांमधून फिरल्या, आणि पुढं कुठल्याही कार्यक्रमात ते गाणं संपलं की अख्खं पब्लिक ओरडायचं, "उठा की आता, भाकऱ्या गार व्हायल्यात!" तू एकदाच ऐकायला आली होतीस. पदर तोंडाला लावून विचारलंस, "लोकं मला हसायल्यात का रं?" मी म्हणालो, "नाही गं, लाड करतायत." ते खरंच होतं. पण मला तेव्हाही लाज वाटत होती. मला रॉकस्टार व्हायचं होतं आणि गाव मला जेवायला बोलावत होतं.

यंदा पुण्याच्या एका स्टुडिओत त्या कॅसेटी साफ करून घेतल्या. नवी पोरं शेजारीच बसली होती, आपसात इंग्रजीत बोलत होती. रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलानं शेवटी कान टवकारले. "सर, मागून कुणी तरी बाई बोलतायत. ठेवू की काढू?" मी म्हणालो, "काढ."

गेल्या महिन्यात सोलापुरात कार्यक्रम झाला. ते गाणं संपलं आणि टक्कल पडलेले, पोटं सुटलेले आपले जुने लोक उठून ओरडले, तुझंच वाक्य, तुझ्याच हेलात. नवा गायक माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, काय म्हणतायत हे?" मी गिटारच्या वायरीत डोकं घातलं. म्हणालो, "जुनी गंमत आहे."

दुसऱ्या दिवशी बेसवाल्याचा फोन. "काकूंचा आवाज कुठं गेला रे? नातीला मोबाइलवर गाणं लावून म्हणत हुतो, थांब, आता काकू हाक मारत्यात बघ. गाणं संपलं, काहीच न्हाय. पोरगी माझ्या तोंडाकडं बघायली." मी सांगितलं, टेप तेवढ्या जागी खराब झाली होती. तो म्हणाला, "दुसरीकडं कुठं हाय का रे त्यांचा आवाज?" नाही, अव्वा. फोटो आहेत, लुगडी आहेत, तुझा तवासुद्धा आहे. आवाज तेवढा एकच आहे.

म्हणून काल स्टुडिओत फोन केला. साफ न केलेली प्रत त्या मुलाकडे आहे, शेवटचा तुकडा परत जोडता येतो म्हणाला. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. मग त्यानं खात्री करून घ्यायला विचारलं, "म्हणजे त्या तुमच्या कामवाल्या मावशींचा आवाज ना, सर?"

पोरांसमोर त्या दिवशी स्टुडिओत मी तसंच सांगितलं होतं. आणि काल तर फोनवर आम्ही दोघंच होतो, अव्वा, ऐकायला तिसरं कुणीही नव्हतं. तरी मी म्हणालो, "हो, त्यांचाच."