आधी तोंडानं म्हणा

आबा, आज मी तुमच्यावर फार चिडलोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग, असं कुणीही म्हणेल. पण काम आज बिघडलंय आणि त्यात हात तुमचा आहे.

सिन्नरला तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली तुमचं टेबल होतं, त्याचा एक पाय कायम विटेवर. खरेदीखत लिहून घ्यायला माणसं यायची. सगळा मजकूर तुम्ही भराभर लिहायचात आणि 'अक्षरी रुपये' या शब्दांपाशी येऊन थांबायचात. पेन हातात उभं धरून म्हणायचात, "आधी तोंडानं म्हणा." घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं एकमेकांसमोर रक्कम मोठ्यानं म्हटली की मगच ती अक्षरांत उतरायची, पुढे 'मात्र', आणि उरलेल्या जागेवर आडवी रेघ. म्हटलेली रक्कम खरी नसायची हे त्या झाडालाही ठाऊक होतं. स्टॅम्पचे पैसे वाचवायला कागदावर कमी, बाकीचे पिशवीत. तुम्ही कधी कुणाला हटकलं नाहीत. "लिहा आबा, पन्नास हजार!" असं कुणी छातीठोक म्हटलं की तुम्ही पन्नास हजार लिहून मोकळे.

म्हणून माझ्या वेळी मी निर्धास्त होतो. नव्वद सालच्या आगेमागे द्राक्षांच्या खोक्यांचा धंदा सुरू करायला मला बसस्टँडमागचा गाळा मिळत होता. सौदा एक लाख पंच्याऐंशी हजारांचा, कागदावर एक लाख दहा. पुऱ्या रकमेचा स्टॅम्प मला झेपणार नव्हता. गाळेवाल्यानं आकडा खणखणीत म्हटला. मग मी म्हटला. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "पुन्हा म्हण." मी पुन्हा म्हटला. "पुन्हा." तिसऱ्यांदा 'दहा' चिरकलं आणि तुम्ही शांतपणे पेनाला टोपण लावलंत.

"काय आबा, पोराचंच अडवता व्हय?" गाळेवाला हसत म्हणाला.

"आवाज फाटतोय त्याचा. मी नाही लिहीत."

त्याचं हसू गेलं. "ज्याचा बाप लिहायला तयार नाय, त्याच्याशी आपला व्यवहार नाय," म्हणून तो उठला, आणि आठवड्याच्या आत गाळा दुसऱ्याचा झाला. मी भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये धंदा मांडला. पावसाळ्यात पुठ्ठा भिजायचा, खोकी सादळलेल्या पापडासारखी मऊ पडायची, आणि दर खोक्यामागे मला तुमचं टोपण आठवायचं.

त्या दिवशी जेवताना मी विचारलं होतं, "लोकांचं खोटं जन्मभर लिहिलंत, माझंच कुठं नडलं?" तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "ते धडधडीत म्हणतात. तुला जमत नाही." आणि आईकडे ठेचा मागितलात. विषय संपला. आबा, जमत नव्हतं तर शिकवायचं होतंत! चेक कसा लिहायचा, 'मात्र'नंतर रेघ कशी मारायची, सगळं शिकवलंत, मग एवढंच का राहिलं?

पुढं जागा घेतल्या त्या पुऱ्या रकमेनं. लोक मला प्रामाणिक म्हणतात. प्रामाणिक कसला, आवाज फाटतो म्हणून. चेकवर सही करण्याआधी अजून रक्कम मोठ्यानं म्हणतो, आमचा हिशेबनीस विचारतो, "शेठ, माइक लावू का?"

आता तुमची नात डॉक्टर झालीय. नाशिक रोडला तिनं दवाखान्यासाठी जागा बघून ठेवलीय, स्टेशनच्या जवळ, खाली औषधांचं दुकान असलेली. जागेचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार आहे. तेवढ्यासाठी मी एमआयडीसीतला जुना गाळा विकायला काढला. गिऱ्हाईक चांगलं मिळालं, भाव बावीस लाख, पण कागदावर चौदा दाखवायचे ही त्याची अट. मी आढेवेढे घ्यायला लागलो तर पोरगी म्हणाली, "पप्पा, तुमच्या गाळ्याची गोष्ट मी शंभरदा ऐकलीय. माझ्या दवाखान्याची तशी गोष्ट करू नका." काय चुकीचं बोलली?

आणि आता सगळं किती सोपं झालंय. वकिलाच्या कॉम्प्युटरवर आकडा टाकला की अक्षरी रक्कम आपोआप उमटते. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. फक्त काल गिऱ्हाईकानं निरोप ठेवला, "शेठ, टाइप करायच्या आधी एकदा फोनवर आकडा सांगा." झालं! आज सकाळी गाडीच्या काचा वर करून मी 'चौदा लाख' म्हणायचा सराव केला. सिन्नर फाट्यापासून नाशिकच्या द्वारका चौकापर्यंत म्हणत आलो. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघत होता. चांगलं जमायला लागलं होतं, आबा, अगदी धडधडीत.

मग फोन लावला. त्यानं विचारलं, "हां शेठ, किती लिहायचे?" आणि माझ्या तोंडून आलं, "अक्षरी रुपये बावीस लाख मात्र." आवाज जरासुद्धा फाटला नाही. पलीकडून, "कळवतो शेठ." हे 'कळवतो' कसलं असतं ते माझ्या कानांना कळतं. तो काही आता फोन करायचा नाही.

हे सगळं तुम्हाला लिहायला बसलो, ते तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे माहीत असूनही. खरं म्हणजे हे लिहायचं नव्हतंच, बाहेर जाऊन सांगायचं होतं. पोरगी बाहेरच्या खोलीत बसून दवाखान्याच्या पाटीवर कुठला रंग चांगला दिसेल ते तिच्या आईला विचारतेय. तिला अजून मी तोंडानं काही म्हटलेलं नाही.