जेवणाबरोबरचं औषध

आई, आज पापनाशम्‌हून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या हातात औषधाची बाटली देताना तुझी फार आठवण झाली. दोन दिवस जेवणाबरोबर घ्या, म्हणजे आतड्यात उरलेला मळ सीटीच्या चित्रात पांढरा दिसेल आणि कॉम्प्युटर तो पुसून टाकेल, असं मी रोज तमिळमध्ये सांगते. तुझ्या स्कॅनच्या वेळी तुला आपल्या घरच्या मराठीत सांगितलं, ते एकदाच, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या, घाईत. पंचांग बघायचं मला सुचलंही नाही.

औषधाच्या दुसऱ्या दिवशी एकादशी होती. स्कॅन झाल्यावर मशीनपाशी उभी राहून तू शांतपणे सांगतेस, "जेवणाबरोबर म्हणालीस. मी जेवलेंच नाही, मग औषध कशाला घेऊं?" माझं डोकंच फिरलं. डॉक्टरची आई आणि एवढंही कळत नाही, असं सगळ्यांसमोर तुला फाडफाड बोलले. तू पदर सारखा करत म्हणालीस, "अय्यो, कां गे रागें भरतेस? चुकलें माझें." अगं, तुझं काय चुकलं होतं!

पहिल्या दिवशीच्या औषधाने चित्रात बाकीचं बरंचसं पुसलं गेलं होतं, एके ठिकाणी एक गोळा तेवढा राहिला होता. औषध न लागलेला मळ कॉम्प्युटरला ओळखता येत नाही, तो मांसासारखाच दिसतो. म्हटलं, हा एकादशीचा प्रताप. पुन्हा तपासायला हवं होतं. मी 'मळ' असं लिहून मोकळी झाले.

वर्षभराने तो गोळा केवढा झाला होता, तेही मीच पाहिलं. तू कळवळायचीस आणि भेटायला येईल त्याला सांगायचीस, "लेकीनें सांगितलें तसें औषध घेतलें नाही मी, भोगतें आहे." एकादशीसुद्धा सोडलीस. मी शेजारी बसून तुला मऊ भात भरवत होते आणि तोंडातून शब्द काढत नव्हते. बारा वर्षं झाली, मला माझं तोंड बघवत नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? तरी लिहिते. स्कॅन दोनदा काढतात, उताणं झोपवून आणि पालथं झोपवून. मळ असला तर तो बहुतेक वेळा जागा बदलतो. तुझा गोळा दोन्ही चित्रांत एकाच जागी होता. पालथं चित्र मी त्या दिवशी उघडलंच नाही, तुझ्यावर चिडले होते ना. उघडलं ते तुझं तेरावं झाल्यावर.