नऊ दिवस न हललेला आकडा

केनवड, बुधवार, १० जानेवारी १९७९

ती. भिवाजीदादा यांस देवमनचा सप्रेम जय भीम.

जुना व्हॉल्व्ह शनिवारी कापणार, हे आज दुपारी पक्कं झालं. खुद्द मालक बबनराव बोलले आणि मुंबईच्या इंजिनिअर साहेबांनी मान डोलावली. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? (आमच्याकडे सगळे बरे आहेत, निदान शुक्रवारपर्यंत तरी राहू.)

गिरणी तुम्ही पाहिली आहे. बॉयलरची वाफ ज्या पाइपातून सरकी शिजवायच्या टाकीत जाते, त्या पाइपावरच्या जुन्या व्हॉल्व्हचं चाक मी अकरा वर्षं फिरवतो आहे. पाइपाचा आवाज ऐकायचा, काट्याकडे पाहायचं आणि चाक पाव फेरा इकडे की तिकडे ते ठरवायचं. आता या साहेबांच्या कंपनीने चाचणीसाठी त्याच पाइपावर, माझ्या चाकाच्या पुढे, डिजिटल व्हॉल्व्ह बसवला आहे. त्याला चाक नाही. एक पेटी आणि पेटीत लाल आकडे. साठ पौंड दाब ठेव म्हटलं की तो म्हणे आपोआप ठेवतो. साहेबांचा हुकूम असा, की चाक पूर्ण उघडं सोडायचं आणि हात लावायचा नाही.

दादा, खरं सांगतो, भीती वाटली. टाकीपासून सात हातांवर तुमची बहीण वच्छला आणि आणखी दहा बाया सरकी निवडतात. पहिल्याच दिवशी साठाचे बासष्ट झाले आणि माझा हात मला न विचारता चाकावर गेला. (साहेब चहा पीत होते.) मग मी तिथेच पोत्यांच्या आड बसलो. आकडा साठाच्या वर सरकू लागला की आवळ, खाली येऊ लागला की सोड. असे नऊ दिवस. लघवीलासुद्धा पळत गेलो आणि पळत आलो.

त्यामुळे पेटी स्वतः काही काम करते की नाही, हे कोणालाच ठाऊक नाही. मलाही नाही. साहेबांनी मात्र वहीत लिहिलं की नऊ दिवस आकडा हलला नाही. असं यश मुंबईतही मिळालं नव्हतं म्हणे. मालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "देवमन, आता तू मोकळा झाला गड्या. तसाबी नऊ दिवसांपासून पोत्यामागं बसूनच राह्यला होता!"

सांगावं तर हुकूम मोडला म्हणून नोकरी जाते. न सांगावं तर चाक जातं, आणि शनिवारी बॉयलरची सगळी वाफ त्या पेटीच्या भरवशावर.

आपला,
देवमन

ता. क. पत्राचं खरं कारण. शुक्रवारी 'आई अत्यवस्थ, वच्छलासह ताबडतोब निघा' अशी तार करा. (आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्याच घाबरतील.)

आणखी ता. क. तार करू नका. वच्छलाने पत्र वाचून घेतलं. म्हणाली, "मी माहेरी शिरपूरले पळू, अन् त्या दहा जणीले काय सांगू? उद्या साहेबाले तुमी सांगता, का मी सांगू?"

म्हणून उद्या सकाळी आठला साहेबांना सगळं सांगून, चाक पूर्ण उघडं सोडून, हात खिशात घालून त्यांच्यासमोर उभा राहणार आहे. बाया तोवर बाहेर बसतील, ते वच्छलाने ठरवलं आहे. आकडा साठावरच राहिला तर संध्याकाळच्या गाडीने आम्ही दोघं सामानासकट शिरपूरला. चढला तर येणं होणार नाही. चाकावर माणूस लागेल.