दुर्बिणीतल्या मोटरीबाबत

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, निवृत्त फिटर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. पत्नीचे याबाबत वेगळे मत असले तरी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव माझ्या पश्चात पत्नीची. मुलाने तिला सह्यांसाठी घाई करू नये. ती चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचते, तिला वाचू द्यावे.

२. माझी सर्व हत्यारे धाकट्या भावाला. पान्यांच्या संचात बारा नंबरचा पाना नाही, अशी तक्रार त्याने करू नये. तो गेली सोळा वर्षे त्याच्याकडेच आहे. मी दुर्बीण करायला घेतली तेव्हा, "दादा, मोरीच्या पाइपातून चंद्र बघणार का?" असे म्हणून तो चारचौघांत हसला होता. पाइप मोरीचाच होता, पण चंद्र दिसला.

३. दुर्बीण नातीला द्यावी. मोरीचा पाइप, भंगारातल्या झेरॉक्स मशीनचे भिंग, मुलाने टाकून दिलेला कॅमेरा आणि बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, एवढाच तिचा संसार. आकाश सरकते, म्हणून फोटो काढताना वरची फळीही त्याच चालीने उचलावी लागते, नाहीतर ताऱ्यांच्या रेघा उमटतात. दातेरी चाकांनी मंद केलेली एक छोटी मोटर फळीखालचा आट्यांचा दांडा फिरवून ते काम करते. नात या दुर्बिणीवर तेजोमेघांचे फोटो काढते आणि पुढे हेच शिकायचे म्हणते.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, जे आपलं नाही ते मृत्युपत्रात देता येत नाही. मोटर कुठून आणली?" म्हणून पुढचे कलम लिहिणे भाग पडले.

४. मोटर पत्नीच्या शिलाई मशीनची आहे. बारा वर्षांपूर्वी मी ती काढली आणि "जळाली, आता तसली मिळत नाही," असे तिला सांगितले. तेव्हा तिच्याकडे शाळेच्या गणवेशांचे काम नुकतेच आले होते. ते तिने परत केले. "जाऊ द्या, डोळेही दुखायचेच," म्हणाली आणि मशीनवर चादर घातली. मी धडधडीत खोटे बोललो. मला त्याची लाज वाटते. त्या चादरीकडे बघायचे मी आजवर टाळत आलो. मोटर तिची आहे. ती देईल तरच नातीला मिळेल; तिने काढून घेतली तर कोणी तिची समजूत घालायला जाऊ नये.

५. (नंतर जोडलेले.) वरील कलम मी वकीलबाईंना वाचून दाखवत असताना पत्नी चहा घेऊन दारात उभी होती. तिने वकीलबाईंपुढे कप ठेवला, माझा परत नेला. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीवर मोटर नव्हती. तिचे स्क्रू मात्र नीट डबीत घालून ठेवलेले होते. नात आता फळीचा दांडा हाताने फिरवते, मिनिटाला एक फेरा, मोजून. ताऱ्यांना थोड्या शेपट्या येतात. "आजोबा, येईल हात बसेल तसं," म्हणते. तेव्हा कलम तीनमधून मोटर वगळली आहे.

तीन दिवस आतल्या खोलीत मशीन चालू आहे. काय शिवते आहे, हे विचारायची माझी छाती झालेली नाही. ते कळेपर्यंत हे मृत्युपत्र अमलात येऊ नये, अशी माझी इच्छा आहे.

लिहून देणार: फिटरकाका (सही)
साक्षीदार: १. शेजारचे घड्याळजी (सही) २. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई (सही)
स्थळ: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३