गॅरेजच्या दाराची घंटी

सारोळे
वैशाख शुद्ध दशमी

प्रिय सरू,

तुला कमळाआक्काचा आशीर्वाद आणि आईला नमस्कार. तुझ्या भावाच्या, कोंडिबाच्या पायाचं दुखणं कसं आहे? तो नाचणीच्या पेरणीला उभा राहील का नाही ते कळव. इकडे सगळे बरे आहेत. उन्हानं जीव नकोसा झालाय. हायवेची धूळ उडून पार सैपाकघरात येते, तिला इलाज नाही.

तू शिमग्याला गेलीस त्यानंतर इथं जे झालं ते तुला कुणी कळवलं नसणार. कुणाच्या तोंडून वेडंवाकडं कानावर येण्याआधी मीच लिहिते. गॅरेजच्या दाराच्या घंटीबद्दलच लिहायचंय. ती वाजली की तू कानावर हात ठेवायचीस, पण ती जवळ जाऊन कधी बघितली नाहीस. मी मात्र तिची देखरेख करत होते. हे म्हणाले होते, घंटी सैपाकघरात आहे तर तूच बघ. मग आठवड्याला सेल काढून टॉर्चमध्ये घालून बघायचे, पट्ट्यांवरचा गंज काचकागदानं घासायचा, बिजागऱ्यांना ग्रीस लावायचं. त्यामुळे तिची सगळी रचना मला पाठ झाली.

दाराच्या आतल्या बाजूला जमिनीत एक लाकडी खुंटी ठोकलीय आणि तिच्यावर पितळेच्या दोन पट्ट्या आहेत. दार लावलं की दाराची कड एका पट्टीला दाबून दुसरीपासून लांब ठेवते. दार उघडलं की दाब जातो, पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि इकडे घंटी वाजते. एवढंच. दिवाळीत स्टेपनी चोरीला गेली म्हणून ह्यांनी भोरच्या वायरमनकडून ती बसवून घेतली. स्टेपनी कुणी नेली ते अजून कळलं नाही, आणि आता कळेल असंही मला वाटत नाही.

पण घंटी बसल्यावर काय झालं ते तुला माहीत आहे. भर दुपारी, सगळी आडवी झालेली असताना ती वाजायची. धावत जावं तर दाराला कुलूप, आणि अंगणात एकटे तुझे जगनराव. पुण्यात भाजी उतरवून आमचा टेम्पो घेऊन आलेले, हात ओले. हे कुलूप काढून आत बघायचे, तर काही गेलेलं नसायचं, पण खुंटी तिरकी झालेली असायची. ह्यांना वाटायचं, घाईत आत शिरून बाहेर पडताना कुणाचा तरी पाय लागला. दुसरी किल्ली जगनरावांकडेच. हे पायानं खुंटी सरळ करायचे, दार लावायचे आणि घंटी थांबायची. वायरमनला बोलावलं. त्यानं वायर तपासली, सेल तपासले आणि म्हणाला, "घंटीत काय बी खोट न्हाई." म्हणजे खोट माणसातच, असं ह्यांनी धरलं. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा चार माणसांसमोर म्हणाले, "जगनराव, किल्ली ठेवा हितं. स्टेपनी बी कुठं गेली ते आता कळलं." मी मध्ये पडले, तर मलाच गप्प बसवलं. जगनराव किल्ली ओट्यावर ठेवून निघून गेले.

तू आईकडे निघून गेलीस आणि ते भोरला राइस मिलमध्ये पोती उचलायला लागले. इतका चांगला ड्रायव्हर हमाली करतो म्हणून मला फार वाईट वाटायचं. त्यात ते गेल्यापासून दार बंद असताना घंटी एकदाही वाजली नाही. लोक ह्यांना म्हणायचे, बघा, तुमचंच खरं. जगनरावांच्या जागी आलेला गेनू टेम्पो आणून लावायचा आणि घरी जायचा. टेम्पो धुळीनं माखलेला असला तरी पाण्याचा थेंब लावायचा नाही.

मागच्या सोमवारी मी पावसाळ्याआधी गोधड्या धुवायला काढल्या. आडाजवळ जागा नव्हती म्हणून गॅरेजसमोरच्या फरशीवर आपटत बसले. दोन गोधड्या झाल्या आणि घंटी वाजायला लागली. दाराला कुलूप. अंगणात मी एकटी. मी कुणाला हाक मारली नाही. किल्ली आणून दार अगदी हळू उघडलं आणि आधी खाली बघितलं. अंगणाचा उतार दाराकडे आहे ना, त्यामुळे सगळं पाणी दाराखालून आत गेलेलं. खुंटीभोवतीच्या मातीचा गारा झालेला, आणि दाराच्या रेट्यानं खुंटी मागे कललेली. दार बंद असूनही पट्ट्या टेकत होत्या.

मी तिथंच ओल्यात बसले. जगनराव दुपारी आल्यावर काय करायचे, सरू? टेम्पो फार मळला की दारासमोर उभा करून बादल्या ओतून धुवायचे. त्यांच्याखेरीज कुणी धूत नव्हतं. म्हणून ते असतानाच घंटी वाजायची.

हे आल्यावर मी तोंडानं काही सांगितलं नाही. खुंटीभोवती कोरडी माती भरून ठोकून घेतली, कुलूप लावलं आणि ह्यांना अंगणात बाजेवर बसवून दारासमोर बादल्या ओतत राहिले. हे वैतागून म्हणाले, "अगं, पानी वाया घालवतीस का?" आणि घंटी वाजली. हे उठले, दार उघडून खुंटी बघितली. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी एसटीनं भोरला गेले आणि मिलच्या फाटकात, हमालांच्या देखत जगनरावांसमोर हात जोडून म्हणाले, "माझं चुकलं." हे मला गेनूनं सांगितलं, ह्यांनी नाही. जगनराव हातातलं पोतं आत ठेवून आले आणि संध्याकाळच्या गाडीनं ह्यांच्याबरोबर परत आले.

आता खुंटी सिमेंटमध्ये बसवलीय आणि दारापुढे चर काढून पाणी रस्त्याकडे वळवलंय. जगनराव टेम्पो चालवतात, तुमच्या खोलीवर स्वतःच भाकरी थापतात. मी डबा दिला तर घेत नाहीत.

काल मी त्यांना विचारलं, सरूला आणायला कधी जाता? काच पुसता पुसता म्हणाले, "आक्का, साहेबरावांनी चोर म्हटलं, ते म्या सोसलं. त्यांनी घंटी ऐकली व्हती. पर सरूनं बी इचारलं, खरं सांगा, स्टेपनी नेलीत का म्हणून. आन उत्तर न ऐकताच ट्रंक भरली. म्या आणाय जाणार न्हाई. ती आली तर घर तिचंच हाय."

तू त्यांना असं विचारलंस हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. मी तुला बोल लावत नाही. चार माणसांत नवऱ्याला चोर म्हटल्यावर बायकोचं डोकं ठिकाणावर राहत नाही. पण तू तिथं त्यांची वाट बघत बसली असशील, आणि आईही म्हणत असेल की जावई न्यायला आल्याशिवाय पाठवायची नाही. म्हणून हे पत्र. ते येणार नाहीत, सरू. सकाळची हिर्डोशीची गाडी धर, भोरला बदल, कापूरहोळला उतरून सारोळ्याला ये. आईला माझं नाव सांग. माझ्याकडे उतरू नकोस, थेट खोलीवर जा. ते दुपारी येतील. पहिल्यांदा तेच बोलतील असं धरून चालू नकोस, तूच बोल.

तुझीच,
कमळाआक्का