डाव्या पानावरचं दूध

४ जानेवारी, केडगाव
आलो एकदाचे! पुणे रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, बनुबाईंच्या घराचा वरचा मजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि गच्चीवर झबली वाळत घालायला भरपूर ऊन. टेम्पोतून पाळणा सगळ्यात आधी उतरवला, गॅस नंतर. बजरंगला एमआयडीसीत रात्रपाळी मिळाली म्हणून हे बिऱ्हाड.

ज्ञानेश्वरी, म्हणजे आमची ज्ञानू, साडेतीन महिन्यांची. आमच्या घरी येऊन तिला एकोणीस दिवस झाले. दत्तक आहे हे मी सगळ्यांना आपणहून सांगते, लोकांना कुजबुजायचे कष्ट नकोत. सासरी बारशाला जेवण कमी आणि चर्चा जास्त झाली. परकं पोर, डब्यातलं दूध, कसं लागणार अंगाला? सल्ले माझ्या पाचवीलाच पुजलेत. पण सुकन्या म्हणतात मला, मी ऐकते आणि हवं तेच करते.

वजन कमी आहे एवढीच काळजी. डॉक्टरांनी बजावलंय की रात्रीची एकही बाटली चुकवायची नाही, आणि किती वाजता किती प्यायली ते लिहून ठेवायचं.

६ जानेवारी
रात्री उठून स्वयंपाकघरात धावायचं, पाणी उकळून निवेपर्यंत ही रडून लालबुंद. असं किती दिवस चालणार? काल बंदोबस्त केला. पाळण्याशेजारी स्टूल. त्यावर थर्मासमध्ये गरम पाणी, स्टीलच्या बाटलीत उकळून गार केलेलं, तीन उकळलेल्या बाटल्या पांढऱ्या फडक्याखाली. लग्नात आलेल्या छोट्या डब्या घासून प्रत्येकीत एका वेळची पावडर मोजून भरली. डबी उलटी करायची, दोन्ही पाणी ओतायचं, हलवायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचा. दीड मिनिटात बाटली तिच्या तोंडात.

आणि ही वही. डाव्या पानावर दुधाच्या वेळा, उजव्या पानावर माझी बडबड. अंधारात पेन शोधायला नको म्हणून ते दोऱ्यानं पाळण्याच्या दांडीला बांधून टाकलं. वही कोरं पान उघडून तिच्या उशाशी ठेवते. काल रात्री तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला दोन बाटल्यांच्या मध्ये सलग झोप लागली. सासूबाईंना फोन करून मुद्दाम सांगितलं.

९ जानेवारी
सकाळी डाव्या पानावर तीन नोंदी. मला दोन लिहिल्याचं आठवतं. वेळा बरोबर, दूधही बरोबर, पण अक्षर माझं नाही. प्रत्येक शब्दावरची रेघच गायब, नुसती लोंबणारी अक्षरं. झोपेत लिहिलं असेन. बजरंग म्हणाला, झोपेत तू भांडतेस, लिहायला काय हरकत आहे.

११ जानेवारी
संध्याकाळचे आठ वाजलेत आणि आज रात्रीच्या नोंदी आत्ताच लिहिलेल्या आहेत. ‘२.१० – १२० मिली. ४.३० – ९०, उरलं ३०.’ तीच बिनरेघेची अक्षरं.

बघू कोण जिंकतं ते. आज दीड वाजता पाजणार.

१२ जानेवारी
दीड वाजता बाटली दिली. ज्ञानूनं ओठ मिटून घेतले. रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. दोन वाजून दहा मिनिटांनी तोंड उघडलं आणि सगळं प्यायली. साडेचारला तीस उरलं. बरोबर तीस.

दुपारी बनुबाई गच्चीवर कुरडया घालायला आल्या. दांडीला बांधलेलं पेन बघून दारातच बसल्या. मग विचारलं की हिची पाचवी कोणी पुजली होती का. मी म्हटलं, संस्थेत कोण पुजणार? त्या हळू आवाजात म्हणाल्या, “जिच्या पाचवीला कोरा कागद न्हाई ठिवला, तिची सटवाई कागद हुडकत फिरती, बाई. तू तर पेनासकट मांडून ठिवलंस.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

१३ जानेवारी
पान फाडून गॅसवर जाळलं. पुढच्या डाव्या पानावर सगळं परत आलं, आणि आता पुढच्या रात्रीही. शेवटची नोंद १७ जानेवारी, पहाटे ३.२०, ३० मिली. तिच्याखाली पानभर एक जाड रेघ. सगळ्या अक्षरांवरच्या राखून ठेवलेल्या रेघा तिथे एकदम ओढल्यासारखी.

रेघेखाली काही नाही.

१५ जानेवारी
काल संक्रांत होती. काळं झबलं घालून ज्ञानूला दवाखान्यात नेलं. वजन दोनशे ग्रॅम वाढलंय, छाती स्वच्छ. भरती करून घ्या म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, ठणठणीत पोर कशाला भरती करू?

रात्री बजरंग वही कंपनीत घेऊन गेला. सकाळी तीच यादी दुधाच्या डब्याच्या कागदावर होती, रेघेसकट. आता तोही हसत नाही. वही मीच परत मागून घेतली. लिहायचंच असेल तर माझ्या डोळ्यांसमोर लिही.

१६ जानेवारी
बनुबाई म्हणतात हळदकुंकू वाहा, नाक घास, पदर पसर. “तिनं लिव्हलेलं कुणाला पुसता येत न्हाई.”

मी घाबरले आहे. डब्या पुन्हा पुन्हा मोजून भरते. पण पदर नाही पसरणार. या पोरीसाठी चार वर्षं कागद भरले, किती टेबलांपुढे उभी राहिले. मागून मागून मिळाली ती मला. आता आणखी कोणापुढे हात जोडायचे? जी साडेतीन महिने फिरकली नाही तिच्यापुढे? तेव्हा कुठे होतीस गं?

बजरंगला रजा मिळाली नाही. सातला सुटेल. दाराला आतून कडी घातलीय.

पुसता येत नसेल. पण रेघेखाली जागा आहे.

१७ जानेवारी
३.०५. ज्ञानू जागी. हसली.

३.२०. तीसच प्यायली. निपल ओठातून सुटलं –

छाती हलत नाही. तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली, काही नाही – रेघेखाली लिहिते –

३.२४, ज्ञानेश्वरी जिवंत.

श्वास घेतला! मी लिहिलं आणि तिनं श्वास घेतला. थांबले की थांबते. लिहिते आहे. ६.०० – १२० मिली, सगळं प्यायली. ९.०० – १२० मिली. उद्या, परवा, रोज. वजन सहा किलो. पहिला दात सातव्या महिन्यात, खालचा.

फोन दाराजवळ चार्जिंगला. पेन मीच बांधलंय, तिथवर पोचत नाही. दोरा तोडायला थांबले तर – नाही थांबणार. ओरडतेय. बनुबाईंना ऐकू येत नाही.

पेन कोणीतरी वर ओढतंय. ओढ. माझ्या मुठीत आहे.

पुढच्या संक्रांतीला बोरन्हाण, गल्लीतली सगळी पोरं. पहिलं पाऊल या गच्चीवर, कुरडयांवर पडते, बनुबाई ओरडतात. पहिला शब्द आई. आई. आई. तुला नाही म्हणणार, मला म्हणते.

खिडकीत उजाडतंय. सहाचं दूध – बाटली डाव्या हातानं लावली – पिते आहे. लिहिलं तसं पिते आहे! बघतेस ना?

गाडी वाजली. बजरंग. दार वाजवतोय. उठता येत नाही, बजरंग, कडी मी घातली, तोड, दार तोड – गोवर येतो, बरा होतो – बालवाडीत रडत नाही –

शेवटचं पान. मग भिंत आहे. माझा हात आहे.

पहिलीत स्वतःचं नाव स्वतः लिहिते, प्रत्येक अक्षरावर रेघ देऊन. दुसरीत पाढे. तिसरीत पोहायला शिकते. चौथीत ज्ञानू